बिनभोकाची कुंडी

मोखाडा,
१८ जानेवारी २०२५

चि. सौ. किमया,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायचं असेल तर फाड, पण आधी एकदा वाच. माफीबिफी मागायला लिहिलेलं नाही, आणि परत ये म्हणायलाही नाही. तुझं आणि परागचं कोर्टात जे चाललंय त्यात मी पडत नाही. तो माझा मुलगा असला तरी दगड आहे, आणि तू सून असलीस तरी काही कमी दगड नाहीस. पाच वर्षांत एका संक्रांतीला तिळगुळाचा मेसेज नाही तुझा.

कामाचं सांगते. आपल्या दारावरचा रस्ता रुंद होतोय. माणसं येऊन कुंपणावर लाल रंगाच्या फुल्या मारून गेली. अंगणाचा रस्त्याकडचा सगळा पट्टा जाणार. म्हणजे तो कोपराही जाणार.

कोणता कोपरा ते तुला सांगायला नको. पण या घरात ते शब्द कोणी तोंडातून काढत नाही, म्हणून मी लिहूनच टाकते. जिथे तुझं बाळ पुरलंय तो कोपरा.

तू नाशिकला दवाखान्यात बेशुद्ध होतीस. तुझे सासरे त्याला मांडीवर घेऊन एवढा घाट चढून आले. ओढ्याला पूर होता, पलीकडे जायला वाट नव्हती, म्हणून कुंपणाच्या आतच ठेवावं लागलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर निवडुंग लावला. तू घरी आल्यावर त्या निवडुंगापाशी जाऊन बसायचीस. परागने एक दिवस तो छाटून टाकला, आणि तू दुपारच्या नाशिक गाडीने गेलीस. मी तेव्हा आत भाकऱ्या करत होते. असो.

आता हे म्हणतात, राहू दे तिथेच, वरून रस्ता गेला म्हणून काय बिघडतं. परागला ठाण्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, माती आहे गं ती." मी म्हटलं, माती आहे तर तुझ्या गॅलरीत नेऊन ठेव. फोन ठेवला त्याने.

त्याच्यावरून खडीचे ट्रक जाणार आणि मी ओट्यावर बसून बघणार, हे माझ्याच्याने होणार नाही. मी त्याला उचलणार आहे. जी काय माती असेल ती कुंडीत घेणार, वर झाड लावणार, आणि मागच्या दारी ठेवणार. आपल्या कुंपणात दुसरी जागा उरत नाही. मागे फरशी आणि खाली कातळ, तुला माहीत आहे.

तुला कुंड्यांची मोठी हौस. लग्न होऊन आलीस तेव्हा कपड्यांपेक्षा कुंड्या जास्त होत्या तुझ्या सामानात, मी हसले होते. तेव्हा तूच सांग. कुंडी कसली घ्यायची आणि झाड कसलं लावायचं. फार लाडाचं नको, मे महिन्यातसुद्धा जगलं पाहिजे. इथली पाण्याची तऱ्हा तू विसरली नसशील.

एक कार्ड टाक. नुसतं झाडाचं नाव लिहिलंस तरी चालेल.

तुझी सासू,
सुशीला


मोखाडा,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. किमया,

तुझं काही आलं नाही. बरं. नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं, तेवढेही कष्ट नकोत.

मी काल जव्हारला जाऊन आले. शिरपामाळच्या रस्त्याला वामनची नर्सरी आहे. फिरायला आलेले मुंबईचे लोक तिथे गाड्या थांबवतात, म्हणून त्याने समोर सगळी शोभेची आरास मांडलीय. सिमेंटचे बगळे काय, बेडूक काय, पाठीत खड्डा असलेलं हरीण काय. त्या हरणाच्या पाठीत म्हणे शेवंती लावायची. मी म्हटलं, बाबा, साधं काही आहे का? तर निळ्या चिनी मातीच्या चकचकीत कुंड्या दाखवल्या. छान होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्या बघून मला दवाखान्यातल्या फरशा आठवल्या. प्लॅस्टिकची नको म्हटलं. पोराला काय बादलीत ठेवू?

शेवटी मागच्या बाजूला मातीचा एक मोठा घट मिळाला. रुंद तोंडाचा, चांगला गुडघ्याएवढा, गेरूचा रंग आणि त्यावर पांढरी चित्रं. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसं, आणि खालच्या अंगाला एक बाई पाठीला मूल बांधून चाललेली. तोच घेतला. कोणी काढलंय म्हणून विचारलं, तर वामनला ठाऊक नव्हतं.

झाडावरून आमचं बरंच झालं. तो कोरफड म्हणाला. कोरफड आपण दाराला उलटी टांगतो दृष्टीसाठी, ती नको. सदाफुली म्हणाला, कुठेही जगते. कुठेही म्हणजे मसणातसुद्धा, तीच दिसते तिथे. बोगनवेलीला काटे. काटे पोराने खूप सोसले. कण्हेर विषारी. तुळस या कामाला लावायची नाही. तो कंटाळला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला जगणारं पाहिजे, पण चालणारं एकही नाही."

मग मीच चाफा म्हटलं. पांढरा, पिवळ्या पोटाचा. खोडात पाणी साठवतो, कातळावरसुद्धा उभा राहतो, उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या काड्या दिसतात पण आतून जिवंत असतो. वामन म्हणाला, हे झाड तहानेने मरत नाही, पाणी साचलं तरच मरतं. "थांबा, घटाला खालून भोक पाडून देतो." आणि मशीन घेऊन आला.

मी त्याचा हात धरला. लोक बघायला लागले.

तू शहरात वाढलीस, तुला कोणी सांगितलं असेल नसेल. मडक्याला भोक आपल्यात एकदाच पाडतात. माणूस चितेवर असतो, मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेरे घालतो, मागून कोणीतरी दगडाने भोक पाडतं, आणि शेवटी मडकं मागे टाकून तो बोंब मारतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी ह्यांनी केलंय ते, मी लांबून बघितलं. त्या पाण्याचा आवाज मला अजून येतो. आता पोराच्या घटाला मी भोक पाडू? घरात आणताना? वामनला म्हटलं, आहे तसा दे. तो म्हणाला, मरेल हां झाड, मग माझ्या नावाने ओरडू नका. माझं तोंड बघून मशीन आत नेऊन ठेवलं.

तू असतीस तर त्याच्या बाजूने बोलली असतीस. म्हणूनच तुला लिहून विचारत होते.

सुशीला


मोखाडा,
१० मार्च २०२५

चि. सौ. किमया,

उचललं त्याला.

जेसीबी होळीच्या आधी आपल्यापर्यंत पोचणार असं कळलं, म्हणून काल सकाळी केलं. पोशेऱ्याची कविता, आपल्याकडे नाचणी घेऊन येते ती, तिला बोलावलं होतं. तिने आधी मला खरीखोटी सुनावली. "आमच्याकडं असं पोर बांधाला ठेवलं का ठेवलं. उचलत नाय. कुंडीत तं नायच नाय." मी म्हटलं, तुमच्या बांधावरून डांबर जात नाही. तिने पदर खोचला आणि कुदळ घेतली.

हे येणारच नव्हते. दुकानात जाऊन बसले. सणाच्या तोंडावर बांगड्यांना, ब्लाउजपिसांना गिऱ्हाईक असतं, म्हणाले. माती मोकळी व्हायला लागली तेव्हा बघते तर मागे उभे. घमेलं हातात घेतलं आणि म्हणाले, "कुदळ नको आता, हाताने काढ."

किमया, काही नव्हतं गं. तू रात्र रात्र जे डोळ्यांपुढे आणत असशील तसं काही नव्हतं. काळी ओली माती, चाफ्याला लावावी अशी चांगली. फक्त दुपटं होतं. तुझ्या आईने आणलेलं, पिवळं, त्यावर बदकं. सुती असतं तर गेलं असतं, ते नायलॉनचं का कसलं, जसंच्या तसं. बदकांच्या चोची लाल होत्या त्यासुद्धा दिसत होत्या. ह्यांनी ते हातात घेतलं, झटकलं, आणि घडी घालायला लागले. दुकानात पीस परत ठेवताना घालतात तशी. घडी जमेना. मग मी घेतलं.

दुपटं घटाच्या तळाला अंथरलं. वर ती सगळी माती हाताने भरली, सांडू दिली नाही. त्यात चाफा लावला. कविता म्हणाली, देवाचं नाव घ्या. तर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कुठलं नाव घ्यायचं? दात न आलेल्या पोराला अग्नी नाही, पिंड नाही, मंत्र नाही. भटजींना मी मागेच विचारलं होतं. पाणीसुद्धा द्यायचं नसतं म्हणाले. कावळ्याला घास काढतात तसला घाससुद्धा नाही. म्हणजे आला तो गेलाच, मध्ये काही नाही.

मी तांब्याभर पाणी घातलं. झाडाला घालतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आज जेसीबी आला. कोपरा गेला. मी बघायला थांबले नाही, मागच्या दारी बसले होते.

सुशीला


मोखाडा,
२ मे २०२५

चि. किमया,

परवा अक्षय तृतीया झाली. पितरांच्या नावाने ह्यांनी मातीचा करा भरून दिला, वर आंबा ठेवला. सासूबाईंच्या नावाने दिला, सासऱ्यांच्या नावाने दिला. मग उरलेलं पाणी घेऊन मागच्या दारी गेले. मी खिडकीतून बघितलं. घटात ओतलं, आणि तिथेच उभे राहिले.

मला वाटत होतं मीच एकटी घालते. सकाळी माझ्या वाटचं पाणी मी त्याला देत होते. नळ कधी येतो कधी नाही, टँकर आला की बायका हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या धरतात. आम्ही दोन म्हातारी माणसं, आम्हाला लागतं किती? मी आंघोळीतलं वाचवायची, हे चहा सोडून बसले. मला म्हणाले ॲसिडिटी होते. एकाने दुसऱ्याला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो दोघंही. गावात सगळ्यांची झाडं तहानेने मेली आणि आपलं बुडून मरायला आलं.

चाफा खालून काळा पडलाय. बोट लावलं तर खोड पिकल्या केळ्यासारखं आत गेलं. मातीला वास येतोय. वर दोन पानं आहेत ती पिवळी झालीत. वामनला फोन केला. तो म्हणाला, काकू, अजून भोक पाडा, पाणी निघून जाईल, शेंडा तरी वाचेल. मी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "नको." एवढंच. माझ्याही हाताला होत नाही. पाणी घालायचं बंद केलंय, पण जे आत आहे ते जाणार कुठून?

आणि आज विहीणबाईंचा फोन आला. पाच वर्षांनी आवाज ऐकला त्यांचा. परागने निकालाचं सांगितलं होतं मला, म्हणून वर सौ. लिहिलं नाही. पण पुढचं नव्हतं माहीत. तुझं जमतंय म्हणाल्या. मुलगा बँकेत आहे, बिजवर नाही, समजूतदार आहे. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही पत्रं नका ना पाठवू. ती वाचते आणि जेवत नाही."

म्हणजे तू वाचतेस.

मला आधी राग आला. वाचतेस आणि गप्प बसतेस, एवढी कसली अढी. विहीणबाईंना म्हटलं, तिच्या पोराचं सांगते मी, शेजारणीच्या मांजराचं नाही सांगत. फोन ठेवला आणि मग तुझं न जेवणं मनात घोळत राहिलं. माझीही भाकरी तव्यावर जळाली.

त्यांना नाही म्हणाले नाही आणि हो पण म्हणाले नाही. तू सांग. थांबवू का लिहायचं? झाडाचं विचारत नाही आता.

सुशीला


मोखाडा,
५ जून २०२५

चि. किमया,

तुझं उत्तर नाही आलं, तेच उत्तर समजते. हे शेवटचं.

चाफा गेला. शेंडासुद्धा नाही वाचला, कापून बघितला तर आत तपकिरी. उपटला तर मुळं नव्हतीच, नुसता चिखल वर आला. ढग येऊन थांबलेत, एकदा इथला पाऊस सुरू झाला की तो घट भरून वाहणार आणि माती वरून निघून गटारात जाणार. त्याला मागच्या दारच्या गटारात जाऊ द्यायला मी रस्त्याखालून काढलं नव्हतं. तेव्हा काल सकाळी मी ह्यांना म्हटलं, आता दुसरा उपाय नाही. ते ओट्यावरून उठले आणि म्हणाले, "चल."

त्यांनी घट तिरका करून गुडघ्याला आणि खांद्याला टेकवून धरला. मातीने जड झालेला, पण मला हात लावू दिला नाही. मी हातोडी शोधली, सापडेना. रस्त्याच्या कामाची खडी पुढच्या दारी पडलीय, त्यातला एक टोकदार दगड घेऊन आले आणि मागून बुडाला मारला. पहिल्या घावाला टवका उडाला. दुसऱ्याला भोक पडलं.

पाणी आलं. काळं, घाण वासाचं, आणि किती ते. ह्यांच्या पायजम्यावरून पायावर, पायावरून फरशीवर. ह्यांनी घट सोडला नाही. पाण्याच्या धारेकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं ते त्यांच्याही मनात आलं असणार, कारण धार थांबली तसा त्यांनी घट हळूच खाली ठेवला, त्याच्याकडे पाठ केली, आणि हात तोंडावर नेऊन बोंब मारली.

किमया, आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतील, मी या माणसाचा असा आवाज ऐकला नव्हता. त्यांचे वडील गेले तेव्हा रीत म्हणून मारली होती, बारीकशी. ही तशी नव्हती. तीनदा मारली. शेजारची माणसं धावत मागच्या दारी आली. पुढे रोलर चालला होता त्याच्या ड्रायव्हरने तो बंद केला. कोण गेलं, कोण गेलं, म्हणून बायका विचारायला लागल्या. मी म्हटलं, आमचा नातू गेला. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीचं डोकं फिरलं, असं वाटलं असणार. वाटू दे.

मग आंघोळ करायला हवी म्हणाले. टाकीत पाणी नव्हतं. प्यायच्या हंड्यातला एकेक तांब्या डोक्यावर घेतला दोघांनी. आंघोळ म्हणायची तिला. नंतर मी पिठलंभात टाकला आणि पहिला घास बाहेर ठेवला. कावळा शिवला का विचारू नकोस. ठेवला एवढंच.

कुंडीत आता काही लावलेलं नाही. माती आहे, दुपटं आहे, खाली भोक आहे. पावसात जे उगवेल ते उगवेल, मी उपटणार नाही आणि पाणीही घालणार नाही.

तुझ्यावर मी रागावले होते ते अजून थोडी आहेच. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, एका दिवसात जायचा नाही. पण मला वाटत होतं तू एकदा यावंस, त्याला हात लावावास, झाड तुझ्या पसंतीचं असावं. ते आता वाटत नाही. जे व्हायचं राहिलं होतं ते काल झालं. तुझ्यावाचून झालं, पण झालं. सुतक फिटलं, तुझंही. तू लग्न कर. साडी चांगली जड काठाची घे, फिक्या रंगाची घेऊ नकोस, तुला शोभत नाही.

आणि एक. नव्या घरी कधीतरी कोणी विचारेलच, पहिलं मूल होतं का म्हणून. सासू विचारेल, नणंद विचारेल, बायका विचारल्याशिवाय राहत नाहीत. तेव्हा नाही म्हणून सांग. डोळे खाली घालू नकोस, सरळ सांग. खोटं बोलल्याचं पाप लागलं तर ते मला लागू दे. तो आमच्याकडे आहे.

सुशीला